टेलिफोनमधला टक्

कांचनच्या कानांत त्या वर्षी गाणं ऐकायची शक्ती उरली नव्हती.

अमेरिकेत ती राहत होती त्या शॉमबर्गहून अर्ध्या तासावर रेकॉर्डींचा एक कारखाना होता. तिथं ती तपासणीला बसे. कानांवर हेडफोन, पुढ्यात फिरती तबकडी. दर पन्नास रेकॉर्डींतली एक उचलायची, सुई ठेवायची, शेवटपर्यंत ऐकायची आणि खोक्यावर आपला शिक्का मारायचा. गाणं ऐकायचं नसेच. गाण्यात जे नको ते ऐकायचं. खरखर, हेलकावा, टक्. नवरा, श्रीरंग, आल्यागेल्याला अभिमानानं सांगे की गाणं हिच्या कानांखालून गेल्याशिवाय अमेरिका नाचत नाही. ती नुसती हसे. या परक्या मुलुखात तिचं स्वतःचं म्हणावं असं तेवढंच होतं, न चुकणारे कान.

त्र्याऐंशीच्या मार्चात 'चेरी टेलिफोन' आलं. सोळा वर्षांच्या कुणा पोरीनं म्हटलेलं, बबलगमसारखं गोड आणि तसंच चिकट. रेकॉर्डच्या मागल्या बाजूला, जागा भरायला घातलेलं. एप्रिलात एका रेडिओवाल्यानं रेकॉर्ड उलटी लावली, आणि मे सरेपर्यंत कारखाना तिन्ही पाळ्यांत तेवढं एकच गाणं छापू लागला. ऑगस्टात कांचन ते दिवसाला शंभरदा ऐके. घरी येऊन डोळे मिटले तरी आत सुई फिरतच राही.

ऐकून झालेली रेकॉर्ड विकत नसत. त्यातली एक तिनं दहा वर्षांच्या लेकीसाठी, उत्तरासाठी, घरी आणली आणि बजावलं, मी नसेन तेव्हाच लाव.

ऑक्टोबरात शाळेचा कार्यक्रम ठरला. शुक्रवारी उत्तरा तेच गाणं म्हणणार होती. बुधवारी कांचन भांडी घासत होती, आणि पोर बाहेरच्या खोलीत सराव करत होती. शेवटच्या ओळीला तिनं जीभ टाळूला लावली आणि मोठ्या डौलात म्हटलं, "टे-टक्-फोन."

"ते टक् काय गं मधे?"

"इट्स इन द साँग, आई."

कांचननं हात पुसले आणि स्वतः रेकॉर्ड लावली. शेवटच्या ओळीत टक् वाजला, नेमका 'लि' गिळून. रेडिओवाले गाण्याच्या शेवटावर बडबडतात. उत्तरानं खरा शेवट कधी ऐकलाच नव्हता. आणि ही रेकॉर्ड तर कांचननं ऐकून खोकं पुढे सोडलं होतं. ऑगस्टातली लागोपाठची दुसरी पाळी असणार. उघड्या डोळ्यांनी झोपली होती ती.

गप्प बसली असती तर तिचे कान घरात तरी अचूक राहिले असते. शुक्रवारी हसं पोरीचं झालं असतं.

"गाण्यात टक् नाही, उत्तरा. ती माझी चूक आहे. मला ऐकूच आला नाही."

उत्तरानं विचारलं, "मग खरं कसं आहे?"

घरात दुसरी रेकॉर्ड नव्हती. कांचन ओट्याला टेकली आणि म्हणू लागली. आवाज कोरडा, थकलेला. पण शब्द सगळे जागच्या जागी, रेकॉर्डमधल्या पोरीनं जिथं श्वास घेतला तिथंच श्वास. आपल्याला हे गाणं येतं, हे तिलाही आत्ताच कळत होतं. उत्तरा हसेल असं तिला वाटलं.

"अगेन, आई."

पाय भरून आले होते. कांचन खुर्ची ओढून बसली आणि पुन्हा पहिल्यापासून म्हणू लागली. शेवटच्या ओळीला उत्तरानं आपला आवाज त्यात मिसळला, आणि जीभ टाळूला लावली नाही.