बुटांची अट

आज दुपारी आमच्या शाळेतल्या सुनीताला जिल्हा कबड्डी संघाच्या निवड चाचणीसाठी बोईसरला नेलं होतं. मनोरजवळच्या पाड्यावर ती मातीत, अनवाणी खेळते.

निवड समितीच्या अध्यक्षांनी दारातच अडवलं. "मॅटवर बुटांशिवाय खेळता येणार नाही. नवा नियम आहे. बाहेर स्टॉल आहे बघा."

स्टॉलवर त्यांचाच मुलगा बूट विकत होता. सुनीताच्या मापाचे संपले होते.

"सर, पाय धुवून येते. मग नाय चालनार?"

"अगं, नियम समितीचा आहे, माझा थोडाच?" ते हसले.

परतीच्या रिक्षात ती म्हणाली, "बाई, घरी काय सांगू? हरली म्हनून सांगू?"

ती तर खेळलीच नव्हती. तुम्ही काय सांगितलं असतं?