दर गुरुवारचं दळण

आमच्या स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दाराला आतून एक कागद चिकटवलेला आहे. जुन्या कॅलेंडरचं पाठकोरं पान. त्यावर माझ्या बायकोच्या अक्षरात सात ओळी आहेत, आठवड्याच्या सात संध्याकाळच्या. सोमवारी वरणभात, मंगळवारी कळणा, बुधवारी खिचडी, असं रविवारपर्यंत. किती घ्यायचं, कसं करायचं, काही लिहिलेलं नाही. तिला लिहायची गरज नव्हती. मी तो कागद पंधरा वर्षं पाहिला होता, वाचला मात्र ती गेल्यावर.

ती पौषात गेली. बाराव्याचं सगळं उरकलं, नातेवाईक पांगले, आणि धुळ्याला दिलेली माझी मोठी बहीण, आमची अक्का, निघता निघता उंबऱ्यात थांबली.

"तुला जमेल का रे? दोन्ही वेळचं?"

"जमेल."

"तुझं एकट्याचं असतं तर विचारलं नसतं. आबांचं काय? नाहीतर मी नेते त्यांना."

"जमेल म्हटलं ना अक्का."

आबा आतल्या खोलीत पलंगावर बसून ऐकत होते. माझे वडील. नरडाण्याजवळच्या आमच्या गावातून, आई गेल्यावर, जळगावला आमच्याकडे आले ते आता ऐंशी उलटून गेलेत. लेकीच्या घरी राहायचं नाही हा त्यांचा जुना नेम. अक्काच्या लग्नानंतर कितीतरी वर्षं ते तिच्या घरी पाणीसुद्धा प्यायले नव्हते. पुढे चहा घेऊ लागले, पण मुक्काम कधी नाही. अक्का रिक्षात बसल्यावर ते मला म्हणाले, "मी अठेच ऱ्हासू." मी इथेच राहणार. आम्हाला मूल नाही. त्या दोन खोल्यांत आम्ही दोघं उरलो होतो, आणि मी जमेल म्हणून बसलो होतो.

मी एका कॉलेजच्या ग्रंथालयात कंत्राटावर काम करतो. पगार कधी दोन महिन्यांनी होतो, कधी तीन. ती साड्यांना फॉल-पिको करायची, त्यावर भाजीपाला निघायचा. तिच्या आजारपणात जवळचं होतं ते गेलं, आणि तिच्याबरोबर फॉल-पिकोही गेलं. त्यामुळे कागदावरच्या सात ओळी तिने पाळल्या असतील त्यापेक्षा मला जास्त काटेकोर पाळाव्या लागणार होत्या. शुक्रवारची शेवभाजी मी पहिल्याच आठवड्यात खोडली. खोडताना तिच्या अक्षरावर रेघ ओढवेना, म्हणून पेन्सिलीने शेजारी बारीक फुली केली आणि तिथे 'कळणा' लिहिलं. पुढे शनिवारी आणि रविवारीही तेच लिहिलं.

कळणा म्हणजे ज्वारी आणि अख्खे उडीद मीठ घालून एकत्र दळलेलं पीठ. त्याच्या भाकरीला भाजी लागत नाही. ठेचा, कच्चं तेल, कांदा, एवढ्यावर जेवण होतं. लहानपणी आम्ही आवडीने खायचो, आबांचा तर जीव त्यात. स्वस्त आणि आवडतं एकाच ताटात मिळतंय म्हटल्यावर मी आठवड्यातल्या चार संध्याकाळी कळण्यावर टाकून मोकळा झालो.

तिने ठेवलेलं पीठ आठ-दहा दिवसांत संपलं. मी दोन किलो ज्वारी-उडीद डब्यात घेऊन गिरणीवर गेलो. गिरणीवाल्याने डब्यात डोकावून पाहिलं.

"कळणा आहे का सर? एवढ्याशासाठी नाही लावत. दगडाला मीठ धरतं, मग पुढच्या गव्हाची पोळी खारट लागते आणि बाया माझ्या नावाने ओरडतात."

"मग?"

"भरपूर असेल तर लावतो. एकदम आणा."

मी एकदम नेलं. दाणाबाजारातून ज्वारीची गोणी उचलली, उडीद घेतले, तेही किरकोळीपेक्षा स्वस्त पडले. वीस-बावीस किलो कळणा दळून आणला आणि कोठी काठोकाठ भरली. त्या दिवशी पहिल्यांदा मला वाटलं, आपल्याला जमतंय. तिला सांगावंसं वाटलं, बघ, उन्हाळा संपेपर्यंतची सोय केली.

भाकरी थापायला आबांनी शिकवलं. स्वतः त्यांनी आयुष्यात कधी थापली नव्हती, पण आईच्या समोर पाटावर बसून हजारो वेळा पाहिली होती. स्वयंपाकघराच्या दारात बसून ते सांगत, पाणी कमी, आता फिरव, कडेने दाब. माघातल्या त्या पहिल्या भाकरी वेड्यावाकड्या होत्या, पण मऊ होत्या. आबा दूध घालून कुस्करून खायचे, आणि ताटात काही उरायचं नाही.

फाल्गुनात भाकरी चिरू लागली. परातीतच कडा फाटायच्या, तव्यावर टाकताना दोन तुकडे व्हायचे. मला वाटलं, हात बिघडला. मी कोमट पाणी घेऊन पाहिलं, मग कढत घेतलं. कॉलेजात दुपारी कुणी नसताना मोबाइलवर भाकऱ्यांचे व्हिडिओ पाहिले. चैत्रात तर ती भाकरी नव्हतीच, भाजलेले ढेपसे होते, कोरडे आणि जरा कडू. मी पाण्याच्या घोटाबरोबर खायचो. आबांच्या तोंडात पुढचे चार दात.

"आबा, थोडा भात टाकू का?"

"कसाले? भाकर शे ना."

"नीट झाली नाही आज."

"चांगली व्हयनी. तू खाय ले."

आणि अर्धी भाकरी झाली की हात धुऊन उठायचे. "पोट भरनं मन्हं." मी आग्रह केला तर म्हणायचे, "उन्हायामा भूक कमीच ऱ्हास." उन्हाळ्यात भूक कमीच असते. हे खरं होतं, जळगावच्या उन्हात मलाही जेवण जात नव्हतं. बुधवारी ते खिचडी दोनदा मागून घेत, तेव्हा मी समजायचो की आज बरं वाटतंय त्यांना. सोमवारी वरणभाताचं ताट बोटाने पुसून स्वच्छ करत. या दोन गोष्टी मी शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या नाहीत.

त्या दिवसांत आमच्या फाटकापाशी सकाळी एक तांबडी गाय येऊन उभी राहायची. शेजारच्या वहिनी अंगण झाडताना एकदा मला म्हणाल्या, "भाऊ, आबांनी गाय पाळलीय म्हणायची. फिरते साऱ्या कॉलनीत, नाश्ता मात्र तुमच्याकडे." मीही हसलो. म्हातारा माणूस गाईला घास घालतो, यात काय.

मग एका रविवारी आबांची बंडी धुवायला घेतली, आणि खिशातून भाकरीचे तुकडे निघाले. रात्रीचे, नीट कागदात बांधलेले. म्हणजे अर्धी भाकरीसुद्धा ते खात नव्हते. मी पाठ फिरवली की निम्मं खिशात जात होतं, आणि सकाळी गाईच्या तोंडात.

मी त्यांना काही विचारलं नाही. याचा मी पुष्कळ विचार केला आहे. विचारलं असतं तर त्यांना खरं सांगावं लागलं असतं, आणि खरं ऐकल्यावर मी काय देणार होतो? कोठीत अजून निम्मं पीठ होतं. पगार होऊन दोन महिने झाले होते. मी तुकडे त्याच कागदात बांधले, वाळलेल्या बंडीच्या खिशात परत ठेवले, आणि संध्याकाळी पुन्हा भाकरी थापायला बसलो. आबांच्या ताटात दूध मात्र थोडं जास्त घातलं.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, अक्का आली. आमच्याकडे या सणाला लेकी माहेरी येतात, आणि त्याच दिवशी घरातल्या गेलेल्यांच्या नावाने पाण्याची घागर भरतात. त्या वर्षी घागर माझ्या बायकोची होती. अक्काने सगळं केलं, पुरण, रस, कुरडई. सामान ती धुळ्याहूनच घेऊन आली होती. आबा पंगतीला बसल्यासारखे मांडी घालून बसले आणि जेवले. पोळीवर पोळी घेत होते, रसाची वाटी दोन्ही हातांनी धरून पीत होते. अक्का वाढता वाढता थांबली आणि तिने आधी त्यांच्या मनगटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

दुसऱ्या दिवशी भाकरी करायची म्हणून तिने कोठी उघडली. चिमूटभर पीठ तळहातावर घेतलं, पाण्याचा थेंब टाकून अंगठ्याने चोळलं, वास घेतला.

"हे केव्हाचं आहे?"

"माघातलं."

"माघातलं? आणि आज आखाजी झाली! अरे, ज्वारीच्या पिठाची पंधरा दिवसांत विरी जाते. चिकटपणाच राहत नाही त्याला, भाकरी जुळणार कुठून? आणि हे उडीद कडवट झालेत. एवढं कोण दळून ठेवतं?"

"गिरणीवाला थोडं दळत नाही म्हणाला."

"मग ती कशी दळायची?"

मला माहीत नव्हतं. पंधरा वर्षं एका घरात राहून मला ते माहीत नव्हतं.

अक्का ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने बाहेरच्या खोलीत जाऊन आबांसमोर पाट ओढला आणि ती बसली. "आबा, धुयाले चाला मन्हासंगे." धुळ्याला चला माझ्याबरोबर.

मी दारात उभा होतो. मला त्यांचं उत्तर माहीत होतं, ते ऐकायलाच मी उभा होतो. आबांनी भिंतीवरच्या सुनेच्या फोटोकडे पाहिलं, मग जमिनीकडे. मग ते म्हणाले, "मन्ही काठी कथी शे?"

काठी कुठे आहे, एवढंच. मी ती कोपऱ्यातून आणून दिली. धुळ्याच्या गाडीत त्यांना खिडकीपाशी बसवलं तेव्हा ते म्हणाले, थोड्या दिवसांनी येसू. मी हो म्हटलं. त्यांनी खिशातून कागदाची पुडी काढली आणि माझ्या हातात दिली. "गायना करता." गाईसाठी.

त्यानंतरच्या गुरुवारी मी कोठीतलं उरलेलं पीठ गोठ्यावर देऊन येत होतो. रिकामी कोठी हातात पाहून शेजारच्या वहिनींनी विचारलं. मी सांगितलं, पहिल्यांदाच, सगळं.

"अहो भाऊ, आम्ही सहा-सातजणी मिळून दळतो ना! प्रत्येकीचं किलो-दीड किलो, सगळ्यांचं एकत्र. गिरणीवाला शेवटी लावतो, मग वजनाने आपापलं वाटून घेतो. तुमच्या घरच्या वहिनी तर दर गुरुवारी असायच्या, उडदाचं प्रमाण त्याच बघायच्या." त्या थांबल्या. "दुःखाचं घर, दळणाला या असं कसं बोलवायचं? वाटलं, तुमचं काहीतरी चाललं असेल."

त्या दिवशी माझाही डबा त्यांच्यात गेला. एक किलो.

संध्याकाळी परातीत पीठ घेतलं. बोटांना धरत होतं. पहिली भाकरी कुठेही फाटली नाही, तव्यावर टम्म फुगली. दुसरीही तशीच झाली, आणि झाल्यावर लक्षात आलं की एकच करायची होती. मी धुळ्याला फोन लावला. आबाच बोलले.

"जेवले का आबा?"

"जेवनू ना. तू? भाकर जमनी का?"

"जमली."

"मऊ?"

"हो."

"खाय मग," म्हणाले. मग अक्काने फोन घेतला आणि म्हणाली, पाऊस पडेपर्यंत तरी राहू दे त्यांना इथे. मी हो म्हटलं.

सकाळी ती तांबडी गाय फाटकाशी उभी होती. मी रात्रीची दुसरी भाकरी तिला दिली. तिने खाल्ली, आणि नंतर बराच वेळ माझ्या पाठीमागे, आबा यायचे त्या दाराकडे पाहत ती उभी राहिली.