अंधाऱ्या खोलीतली खोटी खिडकी

मित्रहो, आज सकाळचीच गोष्ट वाचनालयाच्या या फळ्यावर लिहितो आहे.

महाडच्या बाजारातल्या माझ्या खोलीत भर दुपारीही कंदील लागतो. म्हणून काल मी भिंतीवर खिडकीची जुनी चौकट ठोकली, आत नदी नि डोंगर रंगवले, वर पडदा टांगला.

सकाळी सव गावची दूधवाली पार्वतीबाई आली. शेजारणीला हाक मारायला तिने थेट पडद्यात डोकं घातलं.

"गो वयनी, दूध घे गो!"

कपाळ भिंतीवर आपटलं.

"काय वो मास्तर, भिंतीशी बोलायला लावलंत मला!" ती हसत सुटली.

मला हसू आलं नाही. अन्यायाविरुद्धचं प्रत्येक भाषण मी आधी त्याच भिंतीला ऐकवतो; खोलीत ऐकणारं दुसरं कुणी नसतं. सभेतल्या तुमच्या टाळ्या पुरे झाल्या. आज संध्याकाळी कुणी माझं दार वाजवाल का?