शब्दावर चिंचोका

मास्तरीण म्हणून आयुष्यात काय कमावलं असं कोणी विचारलं, की मी सरळ सांगते: न कळणारा शब्द समोर आला तर घाबरायचं नाही, एवढं पोरींना शिकवलं. ऐकणाऱ्याचं तोंड जरा उतरतंच. त्याला वाटतं, बाई एखादा पुरस्कार सांगतील, शाल-श्रीफळाची गोष्ट काढतील. शाली आहेत माझ्याकडे, नातवंडं थंडीत पांघरतात. अभिमान मला आहे तो या दुसऱ्याच गोष्टीचा, आणि तो मी लपवणार नाही. या वयात विनय वगैरे मला झेपत नाही.

माझं लहानपण पांढुर्ण्यात गेलं. वडील कापसाच्या एका व्यापाऱ्याकडे मुनीम होते. स्वातंत्र्य आलं तेव्हा मी पाचवी-सहावीत असेन. नागपूरचं वर्तमानपत्र रेल्वेने गावात यायचं, पण आमच्या घरी ते पोचायचं पुडीच्या रूपात. जिरं, हळद, साखर डब्यात ओतली की पुडी माझी. मी ती मांडीवर सपाट करून वाचत बसायचे. कागद हमखास फाटका, ओळीचं शेपूट दुकानदाराकडेच राहिलेलं. त्यात त्या दिवसांत रोज नवे नवे शब्द यायचे. एकदा वडिलांना विचारलं, "बाबा, निर्वासित म्हणजे काय?" ते म्हणाले, "मले काहून विचारतेस? त्याच्या शेजाऱ्यायले विचार ना." शेजारी म्हणजे आजूबाजूचे शब्द. मी पुन्हा वाचलं. गाड्या भरभरून आले, छावणीत उतरले, कोणाजवळ अंथरूणसुद्धा नव्हतं. पुढे विचारायची गरजच उरली नाही. मी त्या कागदाची घडी घालून ठेवली.

तेच धरून मी पुढे शिकवायला लागले. सातवी झाली, ट्रेनिंग झालं, सौंसरच्या मराठी शाळेत नोकरी लागली. आणि पाठोपाठ छप्पन साल आलं. राज्यांची नवी मांडणी झाली. नागपूर मुंबई राज्यात गेलं आणि आम्ही राहिलो मध्य प्रदेशात. सकाळी सौंसरहून बसमध्ये बसलं की जेवणाच्या वेळेला नागपूर यायचं, बाजारहाट करून संध्याकाळी परत. आता राजधानी कोणती, तर भोपाळ. आमच्या गल्लीत भोपाळ पाहिलेला माणूस शोधून सापडला नसता. काही लोक म्हणाले, काय फरक पडतो, संत्र्याची झाडं काय जागेवरून उठून राहिली? मला फरक पडत होता. मी चांगली चिडले होते. बोलण्यातल्या हिंदीचं आम्हाला काही नवल नव्हतं, बाजारात अर्धं बोलणं तेच. पण परीक्षेच्या कागदावरची हिंदी वेगळी होती. ती आमच्या पोरींना कधी रस्त्यात भेटलीच नव्हती.

आमच्या शाळेच्या मुख्य गुरुजींना सगळे मोठे गुरुजी म्हणायचे. माणूस प्रेमळ, पण त्यांचा विश्वास एकाच गोष्टीवर: पाठांतर. त्यांनी हिंदी शब्दांची भली लांब यादी फळ्यावर लिहिली आणि पोरींकडून सुरात म्हणून घ्यायला सुरुवात केली. दुपारभर शाळा घुमायची. मी एकदा विचारलं, "गुरुजी, परीक्षेत या यादीबाहेरचा शब्द आला तर?"

"तर यादी वाढवू," ते म्हणाले. माझ्या अंगाचा तिळपापड झाला, पण ते वडीलधारे. मी माझ्या वर्गात गेले आणि दार लोटून घेतलं.

वर्गात माझी रीत वेगळी होती. शाळेच्या मागे चिंचेचं झाड होतं, पोरींच्या ओच्यात नेहमी चिंचोके. मी सांगायची, पुस्तकात नवा शब्द आला की त्यावर चिंचोका ठेवा. शब्द झाकला की त्याची भीती जाते. मग उरलेलं वाक्य वाचा आणि सांगा, त्या झाकलेल्या जागी काय असायला हवं? तुमच्या घरच्या बोलीत सांगा, लाजू नका. पहिल्यांदा हे केलं तेव्हा धडा समुद्राचा होता. आमची पुस्तकं तिकडे पुण्या-मुंबईकडे लिहिलेली, त्यांत गलबतं फार. सौंसरच्या पोरींनी पाणी पाहिलं ते जाम नदीचं, तेही पावसाळ्यापुरतं. वाक्य होतं: वारा सुटला तसे शीड फुगले आणि गलबत वेगाने निघाले. पोरींनी 'शीड'वर चिंचोका ठेवला.

"काय असेल?" मी विचारलं.

मागच्या रांगेतून एक आवाज आला, "धोतर!"

वर्ग खो खो हसला. बोलणारी पोरगी उभी राहिली. सावळी, काटक, नजर सरळ. बाप शेतकरी, गावाबाहेर त्यांचा संत्र्याचा बगीचा आणि कापसाचं वावर. ती हसणाऱ्यांवरच खेकसली. "हासून काय राहिल्या? वारा सुटला की आमच्या बाबाचं धोतर फुगते. लाकूड फुगते काय? लोखंड फुगते? कापडाचंच काहीतरी आहे ते."

बाप्पा! मला तिला तिथेच उचलून घ्यावंसं वाटलं. हसण्याच्या आवाजाने मोठे गुरुजी दाराशी आले, बाकांवर चिंचोके पाहिले आणि म्हणाले, "बाई, शाळेत चिंचोके खेळून राहिल्या पोरी?" मी म्हटलं, "हो जी. अन् चांगलं खेळून राहिल्या."

सातवी झाल्यावर या पोरीला मास्तरीण व्हायचं होतं. त्यासाठी छिंदवाड्याला ट्रेनिंगच्या शाळेत जागा मिळायला हवी, आणि तिथली तोंडी परीक्षा आता हिंदीत. मी तिच्या बापाला भेटायला गेले. भला माणूस, मला खाटेवर बसवलं, संत्री सोलून पुढे ठेवली. पण बोलणं रोखठोक. "बाई, तुमी म्हणता म्हणून एक डाव जाऊ देतो. एकच. नाही जमलं तर यंदा तिचे हात पिवळे करीन. स्थळ पाहून ठेवलं आहे." मग माझी समजूत पटावी म्हणून त्याने वर बोट दाखवलं. माळ्यावर एक मोठं गाठोडं होतं. "पहिल्या वेच्याचा कापूस आहे. तिच्या लग्नाच्या गादीसाठी राखून ठेवला. बाजारात नाही नेला." तो कौतुकाने सांगत होता. पोरगी दाराआड उभी होती आणि त्या गाठोड्याकडे बघत होती. तिचा चेहरा मला अजून दिसतो.

मोठे गुरुजी म्हणाले, यादी देतो, रोज पाठ करून घ्या. मी म्हटलं, गुरुजी, तुमची यादी शंभर टक्के चांगली आहे, पण माझी पोरगी चिंचोका घेऊनच जाईल. ते म्हणाले, "पोरीचं आयुष्य आहे बाई, खेळ नाही." ते खरंच होतं. त्या रात्री माझा डोळ्याला डोळा लागला नाही. पण माझा हट्ट कायम राहिला. आम्ही जुनी हिंदी पुस्तकं काढली, सुट्टीत बगीच्यात बसून वाचली. ती अडखळली की मी अर्थ सांगायची नाही. ती चिडायची, पाय आपटायची, मग शेजारच्या शब्दांना विचारायची.

परीक्षेच्या दिवशी आम्ही दोघी पहिल्या बसने छिंदवाड्याला गेलो. जामसांवलीच्या मारुतीच्या दिशेला तोंड करून तिने हात जोडले, म्हणून मीही जोडले. ट्रेनिंगच्या शाळेत मुलींना एकेक करून आत बोलावत होते. मी बाहेर व्हरांड्यात, उघड्या खिडकीच्या अगदी लागून बसले. मुद्दामच. आत टेबलाशी एक साहेब, उत्तरेकडचे, आणि बाजूला वसतिगृहाच्या बाई आणि एक कारकून. साहेबांनी तिच्या हातात पुस्तक दिलं. ती वाचू लागली, "दोनों भाइयों के खेतों के बीच एक..." आणि थांबली.



मी मान लांब करून पाहिलं. तिच्या हातात चिंचोका नव्हता. तिने अंगठाच त्या शब्दावर दाबून धरला होता.

"अंगूठा क्यों रखा?" साहेबांनी विचारलं. "शब्द दिखता नहीं?"

"दिखता है साहब. आता नहीं. इसलिए झाक दिया."

"क्या किया?"

"झाक दिया," ती ठामपणे म्हणाली आणि पुढचं वाचू लागली. मोठ्या भावाने ती वस्तू रातोरात सरकवली आणि सकाळी धाकट्याने पाहिलं तर त्याचं शेत दोन हात कमी झालं होतं. वाचून झालं. तिने मान वर केली. "साहब, दोन वावरांच्या मधात राहते, सरकवता येते, अन् सरकली की एकाचं वावर कमी होते. म्हणजे धुरा."

आता साहेब अडले. "धुरा? ये धुरा क्या होता है?"

पोरगी सांगणार कशी? तिच्या धुऱ्याला हिंदीत जो शब्द होता, तो नेमका तिच्याच अंगठ्याखाली, आणि तो तिला येत नव्हता. साहेब पेन्सिल टेबलावर आपटत राहिले. मला वाटलं, संपलं. माळ्यावरचा कापूस डोळ्यांपुढे आला. मोठ्या गुरुजींच्या यादीत तो शब्द असेल काय, हेही मनात येऊन गेलं.

आणि आतून आवाज आला, "साहब, आप अंदाज करो."

अगं बये! साहेबाला परीक्षा द्यायला लावते! मी तोंडाला पदर लावला. ती मात्र माझ्या वर्गात उभी असल्यासारखी बोलत होती, अर्धं हिंदी, अर्धं आमचं. "हमारे धुरे पे गवत उगता है. धुरे के अल्याड हमारी पऱ्हाटी, पल्याड काका की ज्वारी. बाबा दुपार को धुरे पे बैठके भाकर खाते. एक बार काका ने धुरा कोरा, तो दोनों में बम झगडा हुआ. अब बताओ."

वसतिगृहाच्या बाई फसकन हसल्या, आणि साहेबांनी पेन्सिल खाली ठेवली. "अच्छा! मेड़!"

"हाव जी," ती अंगठा उचलून पुस्तकात बघत म्हणाली, "तेच तर मी सांगून राहिली."

दिल्लीने आणि भोपाळने आमचा धुरा कुठेही सरकवला असो, त्या टेबलाशी माझी पोरगी आमची बोली घेऊन उभी राहिली आणि समोरच्या साहेबाला ती समजून घ्यावी लागली. मला इतका अभिमान वाटला की छातीत मावेना. आजही मावत नाही.

पण साहेब पुन्हा गंभीर झाले. शेजारच्या कारकुनाला म्हणाले, "इसका चयन कर लीजिए." मग तिच्याकडे वळून आणखी काही बोलले. पुढचं माझ्या कानावर आलं, पण डोक्यात शिरलं नाही, कारण माझ्या डोक्यात 'चयन' अडकलं होतं. चयन? हा कुठला शब्द? साहेब रागावले काय? उद्धटपणाची नोंद करून राहिले काय? 

पोरगी बाहेर आली. "बाई, काहून असं तोंड करून बसल्या?"

"अगं, चयन म्हणजे काय?"

"मले काय माहीत!"

"मग?"

तिने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी मागच्या रांगेतली पोरगी. मग अंगठा माझ्या नाकासमोर धरला. "तो शब्द झाका बाई. बाकीचं ऐकलं ना? बिस्तर घेऊन ये म्हणे, थाली-लोटा आणजो म्हणे. नापास पोरीले कोणी बिस्तर आणाले सांगते काय?"

मी तिथेच तिला मिठी मारली आणि भर व्हरांड्यात मोठ्याने रडले. लोक बघत होते. बघू दे.

संध्याकाळी सौंसरच्या बस अड्ड्यावर तिचा बाप बैलगाडी घेऊन उभा होता. आम्ही उतरलो तसा तो पुढे आला. आधी माझ्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. विचारायचं धाडस त्याला होईना. मी सांगणार होते, पण पोरीने माझा हात दाबला.

"बाबा," ती म्हणाली, "गादी लागते. छिंदवाड्याले न्याची आहे."

तो बैलाच्या पाठीवरून हात फिरवत राहिला. मी त्याचं त्याला कळू दिलं. मग त्याने डोक्याचा फेटा काढला, त्यानेच डोळे पुसले आणि पुन्हा बांधला.

"तिकडं थंडी जास्त असन," तो म्हणाला. "माळ्यावरचा कापूस उद्याच खाली काढतो. जाड भरू."