शौर्य दालनातला सोऱ्या

निवडणुकीच्या तोंडावर आमच्या नगरसेवकांना साक्षात्कार झाला, की कसबा पेठेतला प्रत्येक माणूस मुळात लढवय्या आहे. आम्हाला हे नवीनच होतं. भाजीवाल्याशी घासाघीस सोडली तर आमच्या घराण्यात कुणी लढल्याचं ऐकिवात नाही. तरी त्यांनी समाजमंदिरात पेठेच्या शौर्याचं संग्रहालय काढलं आणि घरोघर जुन्या वस्तू मागितल्या. बाबांनी आईला न विचारता माळ्यावरचा तिचा पितळी सोऱ्या उचलून देऊन टाकला.

आईला पत्ता लागला तो दिवाळीच्या तोंडावर, चकलीची भाजणी दळून आणल्यानंतर. उद्घाटनाच्याच दिवशी ती आम्हा दोघांना घेऊन तिथे पोचली. सोऱ्या काचेच्या पेटीत, मखमलीवर बसला होता. खाली पाटी: 'हातगोळे घडवण्याचे यंत्र. एका शूर घराण्याकडून.' शूर घराणं, म्हणजे वीज कार्यालयातून निवृत्त झालेले बाबा, छताकडे बघत उभे राहिले. मला हसू आवरेना. आई मात्र खरंच दुखावली होती.

"अहो, हा माझा सोऱ्या आहे. मला परत हवाय," ती नगरसेवकांना म्हणाली.

"काकू, आता तो सगळ्यांचा आहे. आपल्या पेठेची ओळख आहे ही."

"पेठेत सगळे लढतच होते, तर स्वयंपाक कोण करत होतं?"

नगरसेवकांनी हे ऐकलंच नाही. "आणि तो तुमचाच कशावरून?"

"फिरवून बघा."

पेटी उघडली. नाव घातलेली बाजू कार्यकर्त्यांनी भिंतीकडे केली होती. नगरसेवकांनी चष्मा लावला आणि वाचायला लागले. हातात माईक तसाच चालू होता, त्यामुळे 'चि. सौ. कां.'पासून आईच्या माहेरच्या नावासकट 'हिस लग्नात आईकडून'पर्यंत सगळं सभागृहाला ऐकू गेलं. मागच्या रांगांनी सवयीनं टाळ्या वाजवल्या. टाळ्या पडल्यावर सोऱ्या अडवणं नगरसेवकांनाही जड गेलं.

आम्ही तो पिशवीत घालून निघालो. वाटेत बाबा हळूच म्हणाले, "मी विचारायला हवं होतं."

"हो."

थोडं चालल्यावर आई माझ्याकडे बघून म्हणाली, "आईनं नाव घालून आणलं तेव्हा मी हसले होते. म्हटलं, माझ्याच घरातून माझी वस्तू कोण नेणार आहे?"