अळणी सोमवारचा कोरा नमुना

ती प्रयोगशाळेच्या काउंटरवर आली तेव्हा मला वाटलं, रिपोर्टची दुसरी प्रत हवी असेल. बेळगावकडची बाई, डिचोलीच्या एका कारखान्यात भट्टीजवळ कामाला, कारापूरला भाड्याच्या खोलीत राहणारी. कडेवर आठ महिन्यांचं मूल. तीन आठवड्यांपूर्वी तिच्या लघवीत आर्सेनिक सापडलं होतं. म्हणजे आमच्या मशीनने दाखवलं होतं आणि खाली सही मी केली होती.

तिला एवढंच विचारायचं होतं, की तपासणी पुन्हा कधी. कारखान्याने कामावरून थांबवलं होतं, त्याबद्दल ती फारसं बोलली नाही. डॉक्टरांनी मुलाला अंगावर पाजू नको म्हणून सांगितलं होतं आणि मूल पावडरीचं दूध थुंकून टाकत होतं.

"अजून किती दिस पाजायचं न्हाई, मॅडम?"

मला यातलं काहीच माहीत नव्हतं. रिपोर्ट आमच्याकडून जातो, पुढे त्याचं काय होतं ते परत येत नाही. मी तिला बसवलं आणि नेहमीचे प्रश्न विचारले. पाणी नळाचं. औषध कसलंच नाही. मासे? माशांमुळे आकडा वाढतो, म्हणून नमुन्याआधी चार दिवस मासे बंद, ही सूचना माझीच.

"तुम्हीच म्हटलासा न्हवं, मासं खाऊ नका. मंग काय, चार दिस पेज आन् मिठातल्या कैऱ्या. घरमालकिणीनं बरणीच दिलती."

शिवाय भट्टीजवळ घाम फार येतो म्हणून मीठ घातलेलं पाणी, तांब्यावर तांब्या.

तिला चहा सांगून मी आत गेले.

आमचं मशीन पदार्थ ओळखतं ते त्याच्या कणांच्या वजनावरून. आत आर्गॉन वायूची ज्योत असते. मिठातला क्लोरीन त्या आर्गॉनला चिकटला, की जोडीचं वजन नेमकं आर्सेनिकएवढं भरतं आणि मशीनला दोन्ही सारखेच दिसतात. हे मला कॉलेजपासून पाठ आहे. ती जोडी अडवायला हेलियम सोडतात. त्या महिन्यात हेलियमचा सिलिंडर वेळेवर आला नव्हता. पण कोरा नमुना, म्हणजे आर्सेनिक नसलेली लघवी, जिच्याशी बाकीचे नमुने ताडून बघायचे, तो शून्याजवळ येत होता. म्हणून मी हेलियमशिवाय काम उरकलं.

तो कोरा नमुना आम्हा चार बायकांचाच होता, श्रावणातल्या एका सोमवारी संध्याकाळी जमवलेला. युक्ती माझी. श्रावणात आमच्या कुणाच्याच घरी मासे शिजत नाहीत, याहून स्वच्छ लघवी कुठे मिळणार? तेव्हा मी स्वतःवर खूश होते. चौघींचाही सोमवार अळणी असतो. दिवसभर फळं, दूध, पाणी; मिठाचा कण नाही. हे मला माहीत होतं. मीठच नाही तर आकडा शून्य येणारच, एवढं माझ्या डोक्यात आलं नाही, इतकंच.

माझी सहकारी पेडण्याची. तिच्या डब्याबरोबर गावच्या मिठागरातल्या मिठाची पुडी असते. शुद्ध पाण्यात त्या पुडीतलं चिमूटभर टाकलं आणि हेलियम बंद ठेवून मशीनला दिलं. आर्सेनिक आलं. नुसत्या पाण्यात आणि मिठात.

"म्हणजे आमचो अख्खो गाव विखारी," ती म्हणाली. मग पुडी बांधून ठेवत म्हणाली, "आतां कितें, बाय?"

सिलिंडर एव्हाना आला होता. त्या बाईचा उरलेला नमुना फ्रीजरमधून काढला आणि हेलियम सोडून चालवला. आकडा चारचौघांसारखा आला. दुसऱ्यांदा लावला, तरी तोच. त्या दिवसांतले बाकीचे सगळे नमुने काढून ठेवायला सांगितलं आणि बाहेर आले.

तिला सरळ सांगितलं. "तुझ्या अंगात विष नव्हतं. चूक माझी."

तिने मुलाला कडेवरून पुढे घेतलं. "मंग आत्ता पाजू?"

मी हो म्हटलं. भिंतीकडे तोंड करून तिने मुलाला पदराखाली घेतलं. ते लुचलं, सुटलं, पुन्हा लुचलं आणि रडायला लागलं. बराच वेळ तिने तसंच धरून ठेवलं.

"आटलंय, मॅडम."

तिला घेऊन मी त्याच संध्याकाळी बायकांच्या डॉक्टरकडे गेले. त्या म्हणाल्या, पाजत राहायचं, आलं तर येईल. रिक्षात बसताना मी तिच्या हातात नवा रिपोर्ट दिला. तिने तो परत माझ्या हातात ठेवला.

"ह्यो कारखान्याला द्या. पोराला काय वाचून दावू?"

दुसऱ्या दिवशी मी तो स्वतः नेऊन दिला. सोमवारी तिला कामावर घेतलं. दूध आलं नाही.