सासऱ्यांची गाडी आणि तेलाचा थेंब

जुनी गाडी बाळगणाऱ्याकडे दुसरं काही साचो न साचो, किस्से मात्र ढिगानं साचतात. निम्मे त्याच्या अकलेचे, निम्मे मदतीला धावून आलेल्या मित्रांच्या अकलेचे.

वर्ध्यातला आमचा भास्कर घ्या. सासऱ्यांनी दिलेली जुनी विलायती गाडी त्याच्याकडे आहे. इंजिन मागे, तेही हवेवर थंड होणारं. सासरे सेलूचे कापडवाले. गाडी देताना त्यांनी एकच अट घातली होती: "जमिनीवर तेलाचा थेंब दिसला, का गाडी वापस नेईन."

गाडी आली त्याच आठवड्यात गळायला लागली! भास्करचा सगळा जीव त्या गाडीत. आणि तो जीव आम्ही दर रविवारी टांगणीला लावायचो. आम्ही म्हणजे मी, सावंगीचा डॉक्टर आणि नाचणगावचा श्याम.

* * *

डॉक्टरला निदानाची भारी घाई. गाडीखाली न वाकताच त्यानं रेडिएटर फुटल्याचं जाहीर केलं. मी म्हटलं, या गाडीला रेडिएटर नसतोच. त्यानं माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं आणि पुढं, मागं, सीटखाली, सगळीकडे रेडिएटर शोधला.

शेवटी हात पुसत म्हणाला, "चोरीले गेला असंल."

* * *

श्यामचं हार्डवेअरचं दुकान. त्यामुळे कुठलीही अडचण आणखी काहीतरी लावलं की सुटते, अशी त्याची श्रद्धा. इंजिनाच्या बाजूच्या झाकणाखाली कॉर्कचं पॅकिंग असतं. जुनं काढायचं, नवं बसवायचं, एवढंच काम. या शहाण्यानं जुनं तसंच ठेवून त्यावर दुसरं चढवलं, आणि त्यावर तिसरं! आधी थेंब पडायचे, आता धार लागली.

विचारलं तर म्हणे, "पॅकिंग कमी पडून राह्यलं."

* * *

गळती शोधायची खरी रीत सोपी आहे. इंजिन धुऊन कोरडं करायचं, वर पावडर मारायची, सुरू करायचं आणि पावडर कुठं ओली होते ते बघायचं. मी हे तिघांना समजावून सांगितलं, हाच माझा मूर्खपणा. भास्करनं बायकोचा पावडरचा अख्खा डबा इंजिनावर रिकामा केला, धुणं मात्र टाळलं. धुतलं तर तेल कसं दिसणार, हा त्याचा सवाल!

तेलात पावडरीची कणीक मळली गेली. उरलेली इंजिनाच्या पंख्यानं आमच्या तोंडावर उडवली. शेजारच्या काकू कुंपणापाशी येऊन म्हणाल्या, "काय रे, नाटक बसवून राह्यले का?"

* * *

पुढची अक्कलही श्यामचीच. त्यानं इंजिनात ट्रॅक्टरच्या गिअरचं जाड तेल ओतलं. गळणं थांबलं, हे खरं. थंडीतल्या सकाळी इंजिन फिरणंही थांबलं.

आर्वी नाक्यापर्यंत आम्ही गाडी ढकलत नेली. वाटेत श्याम मोठ्या अभिमानानं खाली वाकला. "पाहा, एक थेंब नाई."

* * *

जाड तेल काढून पुन्हा साधं भरलं, गळती परत सुरू झाली. तेवढ्यात सासऱ्यांचा फोन आला. रविवारी येतो, गाडी बघायची आहे. भास्करला जेवण जाईना.

शनिवारी डॉक्टरनं सांगितलं, गळती फ्लायव्हील नावाच्या जड चाकामागच्या रबरी सीलमधून आहे, इंजिन बाहेर काढावं लागेल. हे निदान चक्क बरोबर निघालं! इंजिन जॅकवर खाली उतरवलं. जुनं सील काढताना फाटलं आणि नवं वर्ध्यात मिळेना. नागपूरचं दुकान सोमवारी उघडणार.

आम्ही चौघा दिवट्यांनी इंजिन मागच्या खोलीत पोत्यांवर ठेवलं, वरून चादर घातली, गाडीचं मागचं झाकण लावलं आणि पोर्च घासून पुसून काढला.

सासरे बसनं आले. चहासुद्धा न घेता पोर्चमध्ये उकिडवे बसले. गाडीखाली हात घालून फरशीवर फिरवला, बोटं नाकाशी नेली, मग पांढऱ्या रुमालाला पुसली. रुमाल पांढराच राहिला.

"मले वाटलं होतं, जावईबापू गाडीची वाट लावतीन," ते म्हणाले. "पण एक थेंब नाई. माझ्याकडं होती तवा बी गळे थोडीशी. आता गाडी कायमची तुमची."

भास्करच्या डोळ्यांत पाणी आलं. खरं सांगतो, क्षणभर मलाही बरं वाटलं.

तेवढ्यात सासऱ्यांनी गाडीचं पुढचं दार उघडलं, धोतर सावरून आत बसले आणि दार ओढून घेतलं.

"चला जावईबापू. आता बसनं काऊन जाऊ? सेलूपर्यंत सोडून द्या मले."